वाकड्या टिपेचे पैसे

सरळ वागावं, सरळ चालावं, सरळ बोलावं, असं लहानपणापासून कानीकपाळी ओरडून सांगितलेलं असतं. शिवणाच्या मशीनच्या दुकानात मात्र या संस्कारांना कुणी विचारत नाही. तिथे नुसतं सरळ शिवणारं मशीन कोपऱ्यात असतं आणि दुकानदार त्याच्याकडे पाहून "ते साधं आहे" एवढंच म्हणतो. मग तो वळतो दुसऱ्या, पांढऱ्या, अंगावर जांभळी फुलं काढलेल्या मशीनकडे. "हे झिगझॅग." हे सांगताना त्याचा आवाज बदलतो, आणि किंमत ऐकताना आपला.

मूळ फरक म्हणाल तर एवढासा. साध्या मशीनची सुई एका रेषेत वर-खाली होते. झिगझॅगची सुई वर-खाली होता होता डावी-उजवीकडेही सरकते. घरगुती मशीनमध्ये बहुधा जास्तीत जास्त ५ मिलिमीटर. म्हणजे एवढी जागा जास्त मिळावी म्हणून आपण हे पैसे मोजतो. यापेक्षा महाग जागा फक्त पुण्यात डेक्कन जिमखान्यावर आहे.

पण त्या ५ मिलिमीटरमध्ये बरंच काही आहे. टी-शर्टचं कापड ताणतं. त्याला गळ्याशी सरळ टीप मारली तर दिसते फार सुरेख. मग घरातला मुलगा तो टी-शर्ट डोक्यातून घालतो आणि कट् कट् कट् असा आवाज येतो. कापड ताणलं, दोरा ताणला नाही, टीप गेली. नागमोडी टिपेत दोऱ्याला सैल असते. कापड ताणलं की ती थोडी सरळ होते, सोडलं की पुन्हा वाकडी. कापलेल्या कडेची सुतं निघू नयेत म्हणून तीच, काजं करायला तीच, बटण लावायला तीच आणि महाराष्ट्रातल्या समस्त साडी नेसणाऱ्यांच्या दृष्टीनं सर्वांत महत्त्वाचं म्हणजे पिकोलाही तीच. सरळ टीप दोन कापडं जोडते आणि आपलं काम झालं म्हणून मोकळी होते. पुढचं सगळं निस्तरायला वाकडीच लागते. प्रत्येक कुटुंबात अशी एक व्यक्ती असते, पण ते असो.

शिवणाच्या मशीनचा इतिहास वाचायला घेतला तर तोही फार सरळ नाही. फ्रान्समध्ये बार्थेलेमी थिमोनिए नावाच्या शिंप्यानं १८३० साली मशीनचं पेटंट घेतलं, पॅरिसमध्ये सैन्याचे गणवेश शिवायचा कारखाना घातला, आणि पुढच्याच वर्षी पोटावर पाय येणार म्हणून बाकीच्या शिंप्यांनी जाऊन मशीनं फोडून टाकली. आपल्याकडचे शिंपी इतके हिंसक नाहीत. ते फक्त "ब्लाउज दिवाळीनंतर देतो" म्हणतात. पुढे अमेरिकेत १८४६ साली एलियास हाऊनं वर एक आणि खाली एक अशा दोन दोऱ्यांच्या टिपेचं पेटंट घेतलं, १८५१ साली आयझॅक सिंगरनं आपलं. नागमोडी टिपेचं पेटंट १८७३ सालचं आणि ते हेलन ब्लँचर्ड या बाईंचं. सरळ टीप पुरुषांनी आणि वाकडी बाईंनी, यावर आमच्या घरातल्या पुरुषवर्गानं जे विनोद केले ते इथे देण्यासारखे नाहीत. त्यांवर हसलंही कुणी नाही.

सिंगरबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. यंत्रांवर इतकी टीका करणाऱ्या गांधीजींनी १९२४ साली शिवणाच्या मशीनला मात्र सूट दिली होती. बायको हातानं टाके घालताना किती शिणते हे पाहून सिंगरनं तिच्यावरच्या प्रेमापोटी हे यंत्र केलं, असं त्यांचं म्हणणं. गांधीजी सज्जन माणूस. प्रत्यक्षातला सिंगर मूळचा नाटकवाला. त्याचे एकाच वेळी दोन-तीन संसार चालू असत आणि मुलं वीसच्या वर. म्हणजे नेमक्या कुठल्या घरातले कष्ट पाहून त्याचं मन द्रवलं, हे ठरवणं अवघड आहे. अर्थात, घरात वीसच्या वर मुलं म्हटल्यावर कपडे शिवायला काहीतरी यंत्र काढणं भागच होतं. त्याच्याच कंपनीनं १८५६ च्या सुमाराला मशीन हप्त्यानं विकायला सुरुवात केली. आपल्या बायकांच्या भिशीतून पुढे जी असंख्य मशीनं घेतली गेली, त्यांचं मूळ तिथवर जातं.

आमच्या घरी एक मशीन होतंच. सासूबाईंचं, काळं, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेलं, पायानं चालवायचं उषा. त्याला फक्त पुढे जाता येतं आणि दांडी वर केली की मागे. त्यावर सासूबाईंनी दोन मुलांचे गणवेश, सगळ्या भाच्यांची झबली, घरातले पडदे आणि एका नातेवाईकाच्या स्कूटरचं सीट कव्हर शिवलेलं आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत सगळी बिल्डिंग अंधारात हातपंखे हलवत बसलेली असताना आमच्याकडून खडखड आवाज यायचा. "सरळ शिवता येत नाही त्यांनी वाकडं शिवावं," एवढंच त्या झिगझॅगबद्दल म्हणाल्या. मशीन घरी आलं त्या दिवशी खोका उघडताना मात्र सर्वांत पुढे त्याच होत्या.

कंपनीचा माणूस घरी येऊन डेमो देतो. डेमो हा एक स्वतंत्र कलाप्रकार आहे. तो माणूस स्वतःबरोबर पांढऱ्या कापडाचा एक तुकडा आणतो. हा तुकडा खळ घालून पापडासारखा कडक केलेला आणि दुहेरी घडीचा असतो. अशा कापडावर कुठलंही मशीन सोन्यासारखं चालतं. तो पायाखालचं पेडल दाबतो, एका हातानं चकती फिरवतो आणि बोलता बोलता सरळ टीप, नागमोडी टीप, शंकरपाळी, शिंपले, पानं, बाण अशा वीस-बावीस तऱ्हा काढून दाखवतो. कापडाकडे त्याचं लक्षही नसतं. "काही नाही मॅडम, नुसतं सोडून द्यायचं, मशीन आपोआप घेतं." मग तो सहीसाठी कागद पुढे करतो, चहा घेतो आणि जातो. तो कडक तुकडा आपल्याजवळ पुरावा म्हणून राहतो. पुढे आपण कपाटातून जुनी नायलॉनची साडी काढून त्याच सुईखाली ठेवतो. मशीन आपोआप घेतं हे खरंच असतं. ते साडी सबंध आत घेतं.

आता मशीनबरोबर आलेल्या पुस्तकाकडे वळू. एकच पुस्तक सात-आठ मॉडेलांसाठी छापलेलं असतं, त्यामुळे चित्रातलं मशीन आपलं नसतं. आपल्या मशीनला जिथे चकती आहे तिथे चित्रात दांडी असते. त्यात बाण आहेत, बाणांना आकडे आहेत, आणि आकड्यांचा खुलासा चार पानं पुढे आहे. मराठी माणसाला पुस्तक वाचून मशीन चालवणं हा पराभव वाटतो. आमच्या घरात अपवाद एक, माझा नवरा. तो कारखान्यात नोकरी केलेला माणूस. त्यानं पुस्तक पहिल्या पानापासून वाचलं, महत्त्वाच्या ओळींखाली पेन्सिलनं रेघा मारल्या आणि जाहीर केलं, "यात काहीही अवघड नाही. साधी मेकॅनिझम आहे." शिवणाशी पुरुषांचा संबंध स्क्रू ड्रायव्हर लागतो तिथे सुरू होतो आणि बटण तुटतं तिथे संपतो. मधला सगळा प्रदेश आमचा.

दोरा ओवण्याची वाट मात्र नीट पाहण्यासारखी आहे. रिळापासून निघालेला दोरा वरच्या आकड्यातून येतो, उजव्या खाचेतून खाली उतरतो, वळसा घेऊन डाव्या खाचेतून वर जातो, तिथे वर-खाली नाचणाऱ्या दांडीच्या भोकात अडकतो, पुन्हा खाली येतो, सुईच्या डोक्याशी एका तारेमागून जातो आणि मग सुईत. सुईची चपटी बाजू मागे, दोरा पुढून मागे. सासूबाईंच्या काळ्या मशीनला सुई आडवी ओवायची, एका बाजूनं दुसऱ्या बाजूला. त्यामुळे नव्या मशीनपुढे बसल्या की त्यांचा हात आपसूक बाजूला जायचा आणि सुईला तिथे नेढंच नसायचं. "या सुईला डोळाच नाही," त्या म्हणायच्या. या मशीनांना सुई ओवून द्यायला एक यंत्र असतं. दांडी खाली ओढली की केसाएवढा एक हूक नेढ्यातून पलीकडे जातो आणि दोरा ओढून आणतो. पूर्वी हे काम घरातल्या सर्वांत लहान मुलाकडे असे. मूल हूकपेक्षा टिकाऊ होतं. हूक थोडा वाकला की तो नेढ्याच्या बाजूला आपटत राहतो, आणि मग पुन्हा मुलालाच हाक मारावी लागते. फक्त आता ते कानात इअरफोन घालून असतं.

या सगळ्या वाटेवर एक जागा अशी आहे जिथे महाराष्ट्रातली निम्मी मशीनं 'बिघडतात'. उजव्या खाचेत आत, न दिसणाऱ्या जागी, दोन चकत्या आहेत. दोरा त्यांच्यामधून जातो आणि त्या त्याला चिमटीत धरतात. ही धरण्याची ताकद म्हणजे टेन्शन. कापड दाबून धरणारं पाऊल वर असतं तेव्हा चकत्या उघडतात, पाऊल खाली केलं की मिटतात. तेव्हा दोरा ओवताना पाऊल वर हवं. खाली ठेवून ओवलात तर दोरा चकत्यांच्या आत न शिरता वरच्या वर बसतो आणि त्याला कुणी धरलेलंच नसतं.

मग काय होतं ते जवळून पाहायला हवं. पेडल दाबलं, मशीन थडथड करत चार टाके गेलं आणि घुर्र असा घोगरा आवाज काढून थांबलं. वरून कापड अगदी स्वच्छ दिसतं. उचलायला गेलं तर उचलत नाही. सुईखालच्या पट्टीला चिकटलेलं आहे. हळूच ओढलं की खालून दोऱ्याचा एक गोळा बाहेर येतो, मुठीएवढा, त्याचे फेरे कापड पुढे नेणाऱ्या दातांमध्ये अडकलेले, आणि एक टोक खालच्या दोऱ्याच्या बॉबिनच्या डबीत गेलेलं. दहा जणांना विचारा, दहाही जण म्हणतील, "खाली बिघाड आहे, बॉबिनमध्ये." आमच्याकडेही हेच निदान झालं. नवऱ्यानं डबी बाहेर काढली, फुंकर मारली आणि तिच्यावरचा मुगाच्या दाण्याएवढा स्क्रू पिळला. मग थोडा उलटा. मग पुन्हा सुलटा. मग स्क्रू हातातून निसटून फरशीवर पडला आणि घरातली सगळी माणसं टॉर्च घेऊन सोफ्याखाली आडवी झाली. शेजारचे त्याच वेळी वर्गणी मागायला आले होते. त्यांना वाटलं प्राणायाम चाललाय.

वस्तुस्थिती अशी, की गोळा खाली झाला तर दोष बहुतेक वेळा वरचा असतो. वरच्या दोऱ्याला कुणी धरलेलं नाही, म्हणून तो खाली ढिगानं जमतो. बिचारी बॉबिन प्रामाणिकपणे आपलं काम करत असते, पण गोंधळ तिच्या दारात होतो म्हणून चौकशी तिची. सरकारी खात्यांत काम केलेल्यांना हे समजायला वेळ लागत नाही. सासूबाईंनी बसल्या जागेवरून विचारलं, "दोरा ओवताना पाय वर होता का खाली?" नवऱ्यानं आधी स्वतःच्या पायाकडे पाहिलं. मग मशीनच्या. पाऊल खाली होतं. त्यांनी वाटीतल्या शेंगा सोलणं थांबवलंही नव्हतं.

आता डबीच्या स्क्रूला हात लागलाच होता म्हणून सांगते, तो बरोबर आहे का पाहायची एक जुनी रीत आहे. बॉबिन घातलेली डबी दोऱ्याच्या टोकाला धरून लोंबकळत ठेवायची. सरसर खाली गेली तर सैल. जागची हललीच नाही तर घट्ट. हाताला हलका झटका दिल्यावर इंच-दोन इंच उतरून थांबली की ठीक. ही रीत पुस्तकात पान ४२ वर होती, पेन्सिलची रेघही मारलेली होती.

बाकी नेमाची कामं थोडी आहेत आणि सांगून कंटाळा येईल अशी आहेत. चाक नेहमी आपल्याकडे फिरवायचं, कधीही उलटं नाही. सुरुवातीला दोन्ही दोरे मागे घेऊन बोटानं धरून ठेवायचे. कापड ओढायचं नाही. खालचे दात ते नेतात, आपण फक्त दिशा दाखवायची. हे शेवटचं मराठी माणसाला जमत नाही. समोर काहीतरी आपापलं चाललेलं आहे आणि आपण हात लावायचा नाही, ही कल्पनाच सहन होत नाही. म्हणून तो मागून हळूच ओढतो, सुई वाकते, लोखंडी पट्टीवर आपटते आणि तिचं टोक टण् करून चष्म्यावर येतं.

तेलाचं मात्र सांगायलाच हवं. मशीनचं तेल ही पाण्यासारखी पातळ, बिनवासाची वस्तू असते आणि लहान बाटलीत मिळते. बाटली संपली की घरात तेल म्हणजे एकच, खोबरेल. मुलांच्या डोक्याला चालतं ते मशीनला का चालणार नाही, असा विचार करून कुणीतरी दोन थेंब घालतं. उन्हाळ्यात काही होत नाही, मशीन तर सुगंधीही होतं. मग डिसेंबर येतो. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठतं, हे बाथरूममधल्या बाटलीवरून सगळ्यांना माहीत असतं, फक्त मशीनच्या बाबतीत आठवत नाही. सकाळी चाक फिरत नाही. दुरुस्तीवाला येतो, मशीनचं पोट उघडतो, आत वास घेतो आणि काही न बोलता आपल्याकडे बघतो. नव्या मशीनांना पुष्कळदा वरून तेल लागतच नाही. ब्रशनं दातांतली कापसाची लव काढली तरी पुरतं. पण तेल न घालता यंत्राची सेवा केल्याचं समाधान मिळत नाही.

त्या वीस-बावीस टाक्यांचं पुढे काय होतं? पहिल्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक चौकोनी वस्तूला शिंपल्यांची कड येते. टेबलावरचे रुमाल, देवघरातला आसनाचा तुकडा, नॅपकिन, मिक्सरचं कव्हर. उशीच्या अभ्र्याला बाणांची रांग येते आणि रात्री त्या बाणांची दिशा धरून झोपावं असं वाटतं. मग सगळं थंडावतं. पुढची कित्येक वर्षं चकती सरळ टीप आणि नागमोडी टीप यांच्यामध्येच फिरते. बाकीच्या वीस चित्रांवर धूळ बसते आणि तीही चकतीच्या ठरावीक भागावरच बसते, हे बारकाईनं पाहिलं तर दिसतं. मी ज्यांच्या ज्यांच्या घरी ही मशीनं पाहिली, तिथे हेच. त्यात वाईट काही नाही. जेवणाच्या ताटात डावीकडे मांडलेल्या सगळ्याच चटण्या कुठे रोज खातो आपण!

खरं नाटक पिकोचं. मशीन घरात आल्याची बातमी बिल्डिंगमध्ये पसरायला वेळ लागत नाही. मोटरचा आवाज भिंतीतून जातो. आधी चौकशी येते, "काय हो, नवीन ग्राइंडर घेतलात का?" मग साडी येते. "तुमच्याकडे झिगझॅग आहे म्हणे. मग पिको होतच असेल ना? घाई नाही, परवा लग्नाला नेसायची आहे." त्या मागोमाग खालच्या मजल्यावरच्या काकू येतात. त्यांना "एकच टीप" मारून हवी असते. ती एकच टीप ब्लाउजच्या बगलेत असते, तिथे पोचायला अस्तर उसवावं लागतं, बाही काढावी लागते, टीप मारून बाही पुन्हा बसवावी लागते. टीप खरंच एकच असते, काकू खोटं बोलत नाहीत.

दुकानातलं पिकोचं मशीन त्याच कामासाठी केलेलं असतं. तो मुलगा मोबाइलवर बोलत बोलत साडीची कड त्यातून सर्रकन सोडतो, कड आपोआप दुमडते, बारीक टाक्यांत बांधली जाते आणि झालं. घरच्या झिगझॅगवर तेच करायला तप लागतं. समजा साडी जॉर्जेटची आहे. चकती नागमोडीवर, रुंदी ३ मिलिमीटर, टाक्याची लांबी जवळजवळ शून्यावर आणायची. सुई ११ नंबरची, कोरी. चौदाची घातली तर जॉर्जेटला भोकं पडतात. पाऊल रुंद खाचेचं हवं, साध्या टिपेचं बारीक भोकाचं पाऊल राहिलं तर सुई डावीकडे सरकेल ती थेट लोखंडावर. आता कड अशी ठेवायची की सुई एकदा कापडात पडेल आणि एकदा कडेच्या अगदी बाहेर, हवेत. हवेत पडणारा दोरा कड आत ओढून गुंडाळतो. अगदी टोकापासून सुरू केलं तर खालची पट्टी टोक गिळते, म्हणून खाली साध्या कागदाची पट्टी धरायची आणि झाल्यावर हळूच फाडून काढायची. कागद म्हणून वर्तमानपत्र चालत नाही. शाई उतरते आणि फिकट पिस्ता साडीच्या पदरावर कालच्या बाजारभावांची पुसट छाया येते. दोन्ही टोकं मिळून अंतर असतं जेमतेम अडीच मीटर, पण तेवढ्यात कुकर लावून खाली उतरवता येतो.

त्यातून दोऱ्याचा रंग. मॅचिंग दोरा आणायला रविवार पेठेत बोहरी आळीत जावं लागतं. तिथे एका हिरव्याच्या पंधरा छटा काउंटरवर मांडल्या जातात. ट्यूबलाइटमध्ये साडीच्या तुकड्याशी जो तंतोतंत जुळतो, तो बाहेर उन्हात आला की वेगळ्या कुळातला निघतो. म्हणून अनुभवी बायका रीळ घेऊन आधी दुकानाच्या पायरीवर येतात, तुकड्यावर धरून बघतात, परत आत जातात. दुकानदारालाही हे माहीत असतं. तो पायरीकडे बघून पैसे मागायचे का नाही ते ठरवतो.

आणि या पिकोला मोबदला काय, तर "तुमच्या हातात किती सफाई आहे हो!" पिकोबरोबर फॉल येतोच. अडीच मीटर लांबीचा, वीतभरापेक्षा कमी रुंदीचा सुती कापडाचा पट्टा. तो न भिजवता लावला आणि पहिल्या धुण्यात आटला, तर निऱ्यांच्या खाली साडी गोळा होते आणि लग्नात सगळ्यांना कळतं की फॉल कुणी लावला. साडीच्या आत आटलेल्या फॉलचा दोष फॉलवर कधीच येत नाही.

यापुढे काजं आणि जीन्स. काज चार पायऱ्यांत होतं. एक बाजू, टोकाची गाठ, दुसरी बाजू, दुसरी गाठ. यात गंमत अशी की एक बाजू मशीन पुढे जाताना शिवतं आणि दुसरी मागे येताना, त्यामुळे दोन्ही बाजूंचे टाके सारखे दाट पडतीलच असं नाही. एक बाजू भरगच्च, दुसरी विरळ. कापून बटण घातलं की कुणाच्या लक्षात येत नाही, पण शिवणारीला रात्री झोपताना आठवतं. काज कापताना टोकाला आडवी टाचणी टोचून ठेवायची. नाहीतर उसवायची सुरी जोरात गेली की काज गळ्यापासून पोटापर्यंत होतं. बटण लावायला मात्र हे मशीन अप्रतिम. टाक्याची लांबी शून्य, रुंदी बटणाच्या दोन भोकांतल्या अंतराएवढी, सुई डावीकडच्या भोकात आणि उजवीकडच्या भोकात नाचते, सात-आठ टाक्यांत बटण पक्कं. फक्त मोटरवर न जाता पहिले दोन टाके चाक हातानं फिरवून पाहायचे. बटणावर सुई पडली तर सुई जाते, बटण जातं, आणि नवरा स्क्रू ड्रायव्हर घेऊन येतो.

जीन्स ही आजच्या घराची खरी गरज आहे. आपल्या उंचीच्या माणसांसाठी जीन्स कुणी करत नाही. प्रत्येक जीन्स तळाशी चार इंच कापावी लागते, आणि कापलेले तुकडे वर्षानुवर्षं एका पिशवीत जमतात, कारण जीन्सचं कापड टाकवत नाही. दुमडून सरळ टीप मारायला १६ नंबरची सुई पुरते, पण बाजूच्या शिवणीशी आलं की तिथे सहा-आठ पदर एकावर एक येतात. पाऊल पुढून वर उचललं जातं, मागून खाली पडतं आणि मशीन जागच्या जागी टाके घालत बसतं. इथे पेडलवर जोर लावणारे लोक सुया मोडतात. जीन्सच्याच तुकड्याची जाड घडी करून पावलाच्या मागे सरकवायची, म्हणजे पाऊल सपाट होतं, आणि ते दोन इंच चाक हातानं फिरवत पार करायचे. त्या पिशवीतल्या तुकड्यांचा हा एकमेव सिद्ध झालेला उपयोग.

गोधडीच्या नादी लागू नका. जुन्या सात-आठ साड्यांचे थर या हलक्या मशीनला झेपत नाहीत, आणि गोधडीला हाताच्या धावदोऱ्याची जो मऊपणा येतो तो येत नाही. आमच्या सासूबाईंनी काळ्या मशीनवरसुद्धा गोधडी कधी शिवली नाही.

तेव्हा झिगझॅग घ्यावं का? घ्यावं. २०२० साली बाजारात मास्क मिळेनात तेव्हा ज्यांच्याकडे मशीन होतं त्यांनी जुन्या शर्टांचे तीन चुण्यांचे मास्क सगळ्या बिल्डिंगला शिवून दिले. इलॅस्टिक संपल्यावर नाड्या लावून दिले. घ्यायचं ठरवलंत तर दुकानदारानं दाखवलेल्या शिंपल्यांकडे बघू नका. आपल्या घरातली जॉर्जेट, टी-शर्ट आणि जीन्स यांचे तुकडे पर्समध्ये घेऊन जा आणि त्यावर चालवून दाखवा म्हणा. ११, १४ आणि १६ नंबरच्या सुयांचं एकेक पाकीट जास्तीचं घ्या, आणि सुई मोडेपर्यंत वाट न पाहता टाके सोडायला लागली की बदला. पाऊल वर करून दोरा ओवा. आणि शेजारून कुणी साडी घेऊन आलंच, तर फॉल भिजवून, वाळवून, इस्त्री करून आणलाय का ते आधी विचारा. नसेल आणला तर साडी परत पाठवा. ओळख कितीही जवळची असली तरी.